रेशीमराव मरत का नाही?

४ फेब्रुवारी

भावजी,

आशीर्वाद मागाहून. आधी मला सांगा, मी मारलेला माणूस जिवंत कसा झाला?

गेल्या गुरुवारच्या अंकात आपल्या चित्रकथेतल्या उडत्या नायकाने, गगनगडीने, रेशीमरावला घड्याळाच्या मनोऱ्यावरून खाली फेकलं. गोष्ट माझी, चित्रं तुमची. शेवटच्या चौकटीत नुसते बूट वर आणि शेजारी मोठ्या अक्षरात 'धप्प'. मी तो अंक उशाशी घेऊन झोपले. आणि या गुरुवारी टेलिफोन एक्स्चेंजच्या पायरीवर नवा अंक उघडला, तर पहिल्याच पानावर हा बाबा आरामखुर्चीत पाय पसरून बसलाय. खाली बारीक अक्षरात खुलासा, की वाचकहो, रेशीमराव कापसाच्या गाडीत पडला होता. कुठली गाडी? मनोऱ्याखाली मी गाडी लिहिलीच नव्हती. फरशी लिहिली होती, तीही मुद्दाम दगडी.

तुम्ही मला या कामाला लावलंत तेव्हा आपलं काय ठरलं होतं? तुम्ही म्हणालात, वहिनी, आमच्या साप्ताहिकाला गोष्टी लिहिणारं कोणी मिळत नाही, तुम्ही लिहा, मन रमेल. मी म्हटलं, मला मन रमवायचं नाही. लिहीन, पण खलनायकाला त्या कापड दुकानाच्या मालकाचं तोंड द्यायचं. तेच बसकं नाक, तोच सोन्याचा दात, तोच खिशातून डोकावणारा रेशमी रुमाल. तुम्ही हो म्हणालात.

त्या माणसाची लिफ्ट तुमच्या दादांनी जन्मभर वरखाली केली. दोर कुजलाय, तारा तुटून त्याला कुसळं आलीत, तेल घालताना हाताला टोचतात, असं ते त्याला सांगत राहिले. त्याचं उत्तर एकच, 'बघू.' शेवटी दोर तुटला आणि लिफ्ट ह्यांना घेऊन चौथ्या मजल्यावरून खाली आली. आणि चौकशीत काय लिहिलं गेलं? लिफ्टमन दारूच्या नशेत होता, शर्टाला वास येत होता. खोकल्याच्या औषधाने ज्याला झिंग यायची त्या माणसाबद्दल हे लिहिलं. आम्ही गाव बदललं, पण ते नाव आमच्या आधीच इथे येऊन बसलं होतं. बबीला शाळेत 'पेताडाची पोर' म्हणतात. मधल्या सुट्टीत ती एकटी डबा खाते.

ह्यांच्या नावावरचा तो डाग पुसला जायचा नाही, हे मला कळून चुकलंय. पण आठवड्यातून एकदा तो मेला वरून खाली पडतो, एवढं तरी माझ्या हातात होतं. तेही काढून घेतलंत?

तुमची
वहिनी


११ फेब्रुवारी

ती. वहिनींना साष्टांग नमस्कार,

तुमचं पत्र मी प्रेसच्या जिन्यात उभं राहून वाचलं. टेबलाशी बसून वाचायचा धीर झाला नाही. शपथेवर सांगतो, ती कापसाची गाडी माझी नाही, संपादकांची आहे.

झालं असं की रेशीमराव मेला त्या आठवड्यात पोस्टमनने पोतं आणून टाकलं. पोरांची पत्रं. एकाने लिहिलं होतं, मी दोन दिवस जेवलो नाही. एकाने तर लिहिलं, त्यापेक्षा गगनगडीला फेका. मी संपादकांना म्हटलं, साहेब, मनोऱ्यावरून पडलेला माणूस वाचेल कसा? ते म्हणाले, गगनगडी उडतो कसा, हे कधी विचारलंस? आणि स्वतःच कापसाची गाडी लिहून दिली.

तसा आपला गगनगडी तरी कुठे धड आहे, वहिनी? दार सताड उघडं असलं तरी भिंत फोडून आत येतो. चार गल्ल्यांपलीकडे मुंगी शिंकली तर त्याला ऐकू जातं, पण शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट त्याच्यावर जीव टाकते ते कळत नाही. चष्मा लावला की सख्खी आई ओळखत नाही. गाड्या भरधाव हाकतात म्हणून त्याने शहरातल्या सगळ्या गाड्या चुरगाळल्या, त्यात एक रुग्णांची गाडी होती. आधी फेकतो, मग चौकशी करतो. परवा चौकशीत निघालं, की फेकलेला माणूस नुसता पत्ता विचारायला आला होता. संपादक म्हणाले, असू दे, पान भरलंय.

आणि पोरांचं म्हणाल तर खोट माझ्या हातात आहे. गगनगडी मी काढतो तो काढायचा म्हणून. उकडलेल्या अंड्याला भुवया लावल्यासारखा दिसतो. रेशीमराव मात्र मी रागाने काढतो. त्याच्या दाताची चकाकी काढताना माझेच दात आवळले जातात. सगळ्या अंकात जिता माणूस तो एकटाच, म्हणून पोरांना तो आवडतो. मी तरी काय करू?

बबीला पापा.

तुमचा
भावजी


१६ फेब्रुवारी

भावजी,

पत्र वाचून हसू आलं, म्हणून आणखीच राग आला.

मरत नाही काय? ठीक आहे. मग दर आठवड्याला मारते. सोबत नव्या गोष्टी पाठवतेय. एकीत तो छपाईच्या रुळांमधून जातो आणि कागदासारखा चपटा होऊन बाहेर येतो. एकीत गगनगडी त्याला तोफेत घालून उडवतो. एकीत सिमेंटच्या घाण्यात. तुमच्या संपादकाला म्हणावं, लागतील तेवढ्या कापसाच्या गाड्या तयार ठेवा.

आणखी एक. या गोष्टींमध्ये मी रेशीमरावला एक पालुपद दिलं आहे. कोणी त्याच्याकडे काहीही मागो, पाणी मागो, दया मागो, तो रुमाल झटकतो आणि म्हणतो, 'बघू.' हा शब्द गाळायचा नाही. फुग्यात एकटा ठेवायचा आणि मोठ्या अक्षरात.

मी हे एक्स्चेंजमध्ये बसूनच लिहिते. समोर भोकांची फळी, कानाला यंत्र. दिवा लागला की दोरी खोचायची, बोलणं संपलं की उपसायची. आमच्या बाई म्हणतात, तुम्ही फार तल्लीन होऊन काम करता. त्यांना काय ठाऊक मी कोणाला सिमेंटमध्ये घालतेय.

वहिनी


१० मार्च

भावजी,

तुमचं पत्र नाही. अंक मात्र येतात.

इथली पोरं आता ऊठसूट 'बघू' म्हणतात. मास्तरांनी गृहपाठ मागितला की बघू. परवा बबीला ताट उचल म्हटलं, तर तिने फ्रॉकचं टोक झटकलं आणि म्हणाली, 'बघू.' मी तिच्या पाठीत धपाटा घातला. मग मोरीत जाऊन रडले. ह्यांना मारणारा शब्द मीच माझ्या पोरीच्या तोंडात घातला की हो.

आणि मला दिसत नाही असं समजू नका. रेशीमरावचं नाक सरळ झालंय. पोट गेलंय. या गुरुवारी तर हनुवटीला खळी होती. त्या माणसाला खळी नाही, मी त्याला चांगला जवळून पाहिलाय. कोणी दिली ती?

वहिनी


२० मार्च

ती. वहिनींना सा. न.

लिहायचं टाळत होतो. आता टाळता येत नाही.

तो प्रेसमध्ये आला होता. रेशीमराव नव्हे, खराच. हातात आपले सगळे अंक. मला वाटलं, आता वकील येईल, नोटीस येईल. आणि हा माणूस संपादकांच्या खोलीत शिरून खदखदून हसला. म्हणाला, हा तर मीच, दात माझा, रुमाल माझा, बघू माझं. काही करा, मरतच नाही, अगदी माझ्यासारखा. मग त्याला चित्रकाराला भेटायचं होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवला, वहिनी. मला ओळखलं नाही. दादाच्या मयताला आलाच नव्हता, तर ओळखणार कसा?

आता दर सोमवारी येतो आणि माझ्या खुर्चीमागे उभा राहतो. नाक जरा उचला म्हणाला, मी उचललं. खळी त्यानेच सांगितली. संपादक समोर उभे होते, मला नाही म्हणवलं नाही. तुम्ही थुंकाल माझ्यावर, तर थुंका. दुकानात लिफ्टच्या शेजारी त्याने पुरुषभर उंचीचा रेशीमरावचा पुठ्ठा उभा केलाय. त्यावर झोकात लिहिलंय, 'हा मीच!' आणि खाली स्वतःची सही. पेपरात फोटो छापून आणला. मला जाहिराती काढायला दुकानात ये म्हणतो.

दुसरं म्हणजे शिक्षकांचं शिष्टमंडळ येऊन गेलं. गगनगडी माणसं फेकतो, त्याने मुलं बिघडतात, अशी तक्रार. संपादकांनी भिंतीवर नियम लावलाय. गगनगडीने कोणाला फेकायचं नाही, कोणाला मारायचं नाही. म्हणजे तुमचा सिमेंटचा घाणा यापुढे बंद.

मला वाटतं, आपण आता थांबावं. आपण त्याची फजिती करायला निघालो आणि त्याला देव्हाऱ्यात नेऊन बसवलं.

तुमचा
भावजी


२६ मार्च

भावजी,

तुमच्यावर थुंकत नाही. रागाने पत्र फाडलं होतं, मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं. एके ठिकाणी थांबले. 'हा मीच' असं त्याने लिहिलंय, आणि खाली सही केली आहे. आपण जन्मभर ओरडलो असतो की रेशीमराव म्हणजे तो, तर लोकांनी आपल्याला वेड्यात काढलं असतं. ते काम त्याने स्वतः केलं, पुठ्ठा उभा करून.

तर आता त्याला आणखी देखणा करा. खळी खोल करा. सोमवारी आला की खुर्ची द्या. गावभर सांगू दे त्याला, हा मीच, हा मीच. जितकं सांगेल तितकं चांगलं.

सोबत एकच गोष्ट आहे. रेशीमरावचं स्वतःचं दुकान, त्यात लिफ्ट. तो एकटा लिफ्टमध्ये शिरतो आणि ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकते. वर दोराला कुसळं आली आहेत, एकेक तार सुटतेय. तो गगनगडीला हाका मारतो. गगनगडी येतो, अर्थात भिंत फोडून. आणि यावेळी आधी चौकशी करतो. दोराला कुसळं आलीत हे तुला कोणी सांगितलं होतं? रेशीमराव सगळं ओकतो. लिफ्टमनने सांगितलं होतं. मी म्हणालो, बघू. तो पडून मेला. मग मी दारूची बाटली मागवली आणि त्याच्या शर्टावर ओतली. आता तरी मला वर ओढ.

तुमचा नियम पाळलाय. गगनगडी फेकत नाही, मारत नाही. शेवटच्या चौकटीत तो खिडकीत बसलाय आणि दोराकडे बघत नुसता म्हणतो, 'बघू.'

वहिनी


५ एप्रिल

ती. वहिनींना सा. न.

चित्रं काढायला घेतली आहेत, पण एका चौकटीशी अडलो आहे.

बाकी सगळं खरं आहे, पण बाटलीचं आपल्याला कुठे माहीत आहे? शर्टाला वास होता एवढंच चौकशीत आहे. तो कसा आला हे कोणी पाहिलं? उद्या तो म्हणाला की हे कुभांड आहे, तर दादाच्या नावाला आणखी काळिमा लागेल. लोक म्हणतील, बायको-भाऊ मिळून खोटं रचतात. तेवढी चौकट गाळू या का?

संपादकांना गोष्ट दाखवली. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, फेकत नाही ना? मी म्हटलं, नाही, बसून राहतो. मग हरकत नाही, म्हणाले. माणूस टांगून ठेवायचा आणि मदत करायची नाही, हे त्यांच्या नियमात बसतं. शिक्षकांना दाखवायला हा अंक राखून ठेवणार आहेत, गगनगडी सुधारला म्हणून.

आणि वहिनी, त्या गुरुवारी मालकाने दुकानात मुलांना बोलावलंय. अंक तोच वाचून दाखवणार, रेशीमरावच्या आवाजात. आधी पानं दाखवा म्हणून मागे लागला होता. गंमत जाईल, असं मी म्हणालो. खोटं बोलताना माझी जीभ अडखळली नाही, याचंच मला नवल वाटलं.

तुमचा
भावजी


८ एप्रिल

भावजी,

चौकट गाळायची नाही.

बाटलीचं मला माहीत नाही, खरं आहे. पण शर्टाला वास होता आणि तुमचे दादा पीत नव्हते, मग दारू बाहेरूनच आली असणार. रेशीमराव असता तर त्याने काय केलं असतं, एवढाच विचार मी केला. गगनगडी कधी पुरावा गोळा करत बसतो का? बारा महिने त्याच्या अकलेने चालतेय, मग आज माणसांची अक्कल कुठून आणू? त्या चौकशीवाल्यांनी तरी काय पाहिलं होतं ह्यांच्याबद्दल लिहिताना?

काळिमा लागेल म्हणता. आणखी लागायला जागा कुठे आहे? भीती वाटत असेल तर सांगा, मी इथून येते आणि चित्रं काढते. काडीची माणसं काढीन, पण काढीन.

दोर नीट काढा. तुमचे दादा दाखवायचे तसा. बोटाला लागलेलं कुसळ दिव्यासमोर धरून मला काढायला लावायचे, आठवतंय? तशी एकेक तार दिसली पाहिजे. आणि शेवटी पुढे काय होणार हे छापायचं नाही.

वहिनी


२० एप्रिल

ती. वहिनींना सा. न.

सगळं सांगतो. मध्ये काही सोडणार नाही.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं खाली जाजमावर, आया काउंटरजवळच्या स्टुलांवर, विकणाऱ्या मुली कापडाच्या ताग्यांना टेकून उभ्या. दुकानातले शिंपी, टेपवाले मास्तरही होते, तेच, दादाबरोबर दुपारी डबा खायचे ते. मी अस्तराच्या गठ्ठ्यांमागे उभा होतो. मालक लिफ्टसमोर खुर्ची टाकून बसला. नवी पितळी जाळी लखलखत होती. दादा गेल्यावर दुसऱ्याच दिवशी दोर नवा आला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शेजारी पुठ्ठ्याचा रेशीमराव, 'हा मीच!'

वाचतो मात्र झकास, हे कबूल करायला हवं. आवाज काढतो, रुमाल झटकतो. गगनगडी भिंत फोडून आला तेव्हा पोरं लोळली. तो स्वतः पण हसत होता. पान उलटलं आणि त्याच तोऱ्यात वाचत गेला, दोराला कुसळं आली होती, लिफ्टमनने मला सांगितलं, मी म्हणालो... आणि सवयीने सगळी पोरं एका सुरात ओरडली, 'बघू!' विकणाऱ्या मुलींपैकी कोणीच हसलं नाही. कुसळं हा शब्द त्या दुकानात एकच माणूस वापरायचा. मास्तरांनी मान वर केली.

त्याची जीभ भरात होती, थांबवायची म्हटलं तरी थांबली नसती. तो मेला, मग मी दारूची बाटली मागवली आणि त्याच्या शर्टावर ओतली. एवढं वाचून झालं आणि मग त्याला कळलं आपण काय वाचलं ते. अंक हातातच राहिला. वहिनी, तो 'हे काय भलतंच' असं म्हणाला असता ना, तर आपण संपलो होतो. तो तसं म्हणाला नाही. त्याने सरळ मास्तरांकडे पाहिलं.

"बाटलीचं कोणी सांगितलं?"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि हाताभोवती गुंडाळत राहिले. मला वाटलं, गप्प बसतील. इतकी वर्षं बसलेच होते.

"मी नाही सांगितलं," ते म्हणाले. "मला तर वाटलं होतं, त्याला शुद्धीवर आणायला मागवलीत. धावत घेऊन आलो होतो मी."

समोर बसलेली एक पोरगी म्हणाली, पुढे वाचा ना. मग एक बाई उठली, तिने पुठ्ठ्यावरची अक्षरं मोठ्याने वाचली, 'हा मीच', आणि मुलाचा हात धरून चालू लागली. नवा लिफ्टमन लिफ्टमधून बाहेर आला आणि त्याने जाळी ओढून घेतली. मालक ओरडला, ही नुसती गोष्ट आहे, हे लिहिलं कोणी? तेव्हा मी गठ्ठ्यांमागून पुढे आलो. म्हटलं, माझ्या वहिनीने. तुमच्या लिफ्टमनच्या बायकोने. तो माझा भाऊ होता.

त्याचं तोंड तेव्हा कसं झालं ते मी कधी काढू शकणार नाही. मला आनंद झाला. चांगला आनंद नव्हता तो, हे मला माहीत आहे, पण झाला आणि अजून होतोय.

मास्तर टेप हातात तशीच घेऊन पोलीस ठाण्यात गेले. दोन विकणाऱ्या मुली बरोबर गेल्या, त्यांनीही ओल्या शर्टाचं सांगितलं. फौजदाराने आधी अंक मागून घेतला आणि शेवटपर्यंत वाचला, मग जबाब घेतले. आपली चौकशी पुन्हा उघडली आहे. मास्तर आज घरी आले होते. तुम्हाला तोंड कसं दाखवू म्हणत होते. मी काय सांगायचं ते तुम्ही कळवा.

संपादक खूश आहेत, अंक दुसऱ्यांदा छापताहेत. दोर तुटतो की नाही, एवढंच त्यांना कळायला हवंय.

तुमचा
भावजी


३ मे

प्रिय भावजी,

अनेक आशीर्वाद. यावेळी आधीच.

पत्र मी बबीला वाचून दाखवलं. सगळं. तिने फक्त एवढंच विचारलं, म्हणजे बाबा प्यायले नव्हते ना? मी म्हटलं, नव्हते. ती म्हणाली, मला माहीत होतं. मग तुमचा तो अंक दप्तरात घातला आणि शाळेत गेली. बाईंनी वर्गात वाचायला लावला म्हणे. डबा खायला शेजारी दोघी येऊन बसल्या.

चौकशीवाल्यांचा कागद काल आला. मास्तरांचा जबाब लिहून घेतलाय, दारूचं वाक्य काढून टाकलंय आणि मालकाला बोलावणं गेलंय. मास्तरांना सांगा, मला त्यांचा राग आहे आणि तो जायला वेळ लागेल, पण ते धावत गेले होते हे मी विसरणार नाही. आणि संपादकांना सांगा, दोर तुटला की नाही हे पुढच्या अंकातही दाखवायचं नाही आणि त्याच्या पुढच्याही नाही. एक तार शिल्लक ठेवा. लटकू दे त्याला.

आता खरं सांगायचं ते सांगते. परवा दुपारी फळीवर बाहेरगावचा दिवा लागला. मी दोरी खोचली, कोणता नंबर हवा म्हणून विचारलं. पलीकडे कोणी तरी खाकरलं आणि मी ओळखलं. तो दातातून शीळ वाजल्यासारखा स बोलतो, ते तुम्हाला चित्रात कधी आणता आलं नाही. नंबर नको, म्हणाला, लिफ्टमनच्या बायकोशी बोलायचंय, ती तिथेच असते असं कळलं. मी म्हटलं, बोला, मीच ती.

मग बोलतच सुटला. गिऱ्हाईक लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. पोरं दारात येऊन 'बघू' ओरडतात आणि पळतात. पुठ्ठा जाळला तरी कोणी तरी भिंतीवर खडूने 'हा मीच' लिहून जातं. घरात बायको बोलत नाही. पुढच्या अंकात एवढं करा, म्हणाला, की लिफ्टमध्ये अडकला तो रेशीमराव नव्हताच, त्याचा जुळा भाऊ होता. तुमच्या गोष्टींत असलं काहीही चालतं, कापसाची गाडी नाही का चालली? शेवटी रडायला लागला. खरंच रडत होता, भावजी. म्हणाला, बाई, तुमच्या पाया पडतो, मला एवढं यातून सोडवा.

मला वाटलं होतं, असं कधी झालं तर मी शिव्या घालीन, ह्यांचं नाव घेऊन किंचाळेन. तसलं काही झालं नाही. माझा हात अगदी स्थिर होता. मी त्याचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही, जसं ह्यांचं बोलणं तो ऐकून घ्यायचा.

मग म्हटलं, "बघू."

आणि दोरी उपसली.

तुमची
वहिनी